जोडीचा सूर

चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने कोणकोणते नाद करावेत याविषयी आपल्या समाजाची मते बरीच उदार आहेत. त्याने गच्चीवर कुंड्या मांडाव्यात, होमिओपॅथीची पुस्तके चाळावीत, पहाटे टेकडीवर जावे, फार तर पेटीवर दोन गती बसवाव्यात. कोणी नाव ठेवणार नाही. पण मराठीच्या प्राध्यापकाने गिटार हाती घ्यावी हे काही केल्या लोकांच्या पचनी पडत नाही. आमच्या शिक्षक-कक्षात ही बातमी पोचली तेव्हा तर्कशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी चष्मा पुसत पुसत मला विचारले, "एम. ए. ला तुम्हाला ज्ञानेश्वरी होती ना?" या प्रश्नातला तर्क मला अजून उलगडलेला नाही.

खरे म्हणजे मी अख्खी गिटार शिकतच नाही. कॉलेजात असताना शिकलेल्या चार-पाच कॉर्ड्स आणि त्या काळातली एक लाकडी गिटार एवढी पुंजी माझ्याकडे होती. खरी वाजवणारी आहे ती माझी मुलगी. ती यंदा बारावीला आहे. मी तिच्याकडून एकच गोष्ट शिकतो आहे : ती आयत्या वेळी जे सुचेल ते वाजवील, त्याच्या जोडीने, त्याच क्षणी, दुसरा सूर धरायचा. तिची ओळ खालून चालते, माझी तिच्या थोडी वरून. दोघींनी एकदम वळायचे, एकदम थांबायचे.

हा प्रकार तुम्ही ऐकलेला असतो. ईगल्स या अमेरिकन मंडळींचे 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे १९७६ सालचे गाणे कोणत्या तरी हॉटेलात, कोणाच्या तरी गाडीत तुमच्या कानांवर पडले असेलच. त्याच्या शेवटी गाणे संपते आणि दोन गिटारी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून जिना उतरतात. त्या डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या. मला मौज वाटते ती त्यामागच्या हकिकतीची. ती फेल्डरनेच सांगितली आहे. मायामीत ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा हे दोघे सुचेल ते वाजवण्याच्या बेतात होते. पण डॉन हेन्लीने हट्ट धरला, की फेल्डरने घरी जी नमुन्याची टेप केली होती तिच्यात आहे तसेच्या तसे हवे. टेप राहिली होती कॅलिफोर्नियात, घरी! शेवटी घरी फोन लावला, कामवाल्या बाईंनी ती टेप फोनजवळ धरून वाजवली आणि फेल्डरने स्वतःचीच कलाकृती पुन्हा पाठ केली.

"म्हणजे पाठांतरच की," मी म्हणालो. पाठांतराचे मला वावडे नाही. आमचा धंदाच त्यावर चालतो. पण मुलीने नाक मुरडले. "बाबा, ते ठरवून आहे. मला न ठरवता हवंय."

न ठरवता वाजवणाऱ्यांत तिचे दैवत म्हणजे ऑलमन ब्रदर्स. ही मंडळी १९६९ साली फ्लोरिडात जमली. नाव भावांचे असले तरी जोडीने गिटार वाजवणारे दोघे भाऊ नव्हते. ड्युएन ऑलमनचा सख्खा भाऊ ग्रेग गायचा आणि ऑर्गनवर बसायचा. ड्युएनच्या जोडीला गिटारवर होता डिकी बेट्स. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात त्यांनी जे वाजवले त्याची ध्वनिमुद्रिका आमच्या घरी इतक्या वेळा लागते, की खालच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबाही आता ठेका धरतात. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ड्युएन मोटारसायकलच्या अपघातात गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्याच्या जागी त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला नाही. पुढचे कार्यक्रम बेट्सने एकट्याच्या गिटारवर केले. नंतर शेजारी आला तो पियानो. हा तपशील मला मुलीने सांगितला आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळली.

आता या विद्येचे वर्म सांगतो. घरात पेटी असेल तर उघडून बसा. पांढरी एक सा धरा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाला. प्रत्येक स्वराचा जोडीदार म्हणजे एक स्वर सोडून वरचा : सा ला ग, रे ला म, ग ला प, म ला ध, आणि असेच पुढे. किती सोपे! पण आता मधल्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा. सा आणि ग यांच्यामध्ये तीन पट्ट्या सुटतात. रे आणि म यांच्यामध्ये दोनच. सा, म, प या तिघांचे जोडीदार लांब राहतात. रे, ग, ध, नी या चौघांचे जवळ. सगळ्यांना सारखे अंतर द्यायला जाल तर रे वर तीव्र म येतो, ग वर कोमल ध येतो, आणि घरात नको ते पाहुणे शिरतात. एकाच घरात राहायचे तर प्रत्येक पावलाला अंतर कमी-जास्त करावे लागते. गिटारवर तर हा हिशेब बोटांनी करायचा. सतारीला पडदे तसे गिटारला फ्रेट. कधी चार फ्रेट पुढे, कधी तीन. आणि मुलगी कोणत्या स्वरावर आहे हे कळेपर्यंत ती पुढच्या स्वरावर गेलेली असते.

आपल्या कानांची घडण इथे आडवी येते. आपल्याकडची साथ म्हणजे मागोमाग येणे. गवयाने जागा घ्यावी, पेटीवाल्याने ती अर्ध्या श्वासाने उचलावी. जात्यावर दोघी बसत, तेव्हा एकीची ओवी दुसरी उचलून धरी. पण तेही त्याच सुरात. वेगळा सूर आणि तोही एकाच वेळी, हे आपल्या रक्तात नाही. मग आयत्या वेळी जमायचे कसे? मुलीची युक्ती साधी आहे. ती चार-सहा स्वरांचा एक तुकडा वाजवते. तोच तुकडा पुन्हा वाजवते आणि दुसऱ्या खेपेला मी आत शिरतो. तिसऱ्या खेपेला ती शेपूट बदलते. तिथे माझी परीक्षा. दोन-तीन महिन्यांत माझ्या ध्यानात आले, की बदल करण्याआधी ती किंचित श्वास घेते. बोटांकडे पाहून कळत नाही ते श्वासावरून कळते. सोळा-सतरा वर्षे या मुलीचे बोलणे मी ऐकत आलो. श्वास ऐकण्याची वेळ यापूर्वी आली होती ती फक्त ती तान्ही असताना.

थांबण्याचाही एक कायदा आहे. चालता चालता एखादा सूर खटकला तर निभावून जातो. मुक्कामाचा सूर खटकून चालत नाही. खाली सा-ग-प ची कॉर्ड चालू आहे आणि ती प वर येऊन थांबली, तर नियमाने माझा सूर नी. पण तो नी तिथे खड्यासारखा टोचतो. अशा वेळी नियम सोडून एक पायरी वर, सां वर जाऊन बसावे. व्याकरण शिकवताना अपवाद मुलांना कंटाळवाणे वाटतात. इथे तेच सगळ्यांत गोड.

ही गेली त्याला दोन वर्षे झाली. त्यानंतर घरात आम्ही दोघेच. बोलणे होई, नाही असे नाही : गॅस कधी येणार, दुधाचे पैसे दिले का, क्लासची फी कधी भरायची. आमच्या घरातले बाकीचे बोलणे हिच्या मार्फत चाले हे आम्हांला दोघांनाही ठाऊक होते, आणि ते एकमेकांना सांगायचे कसे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. हिला सकाळी चहा टाकताना एक चाल गुणगुणायची सवय होती. शब्द नव्हतेच. सूर भूपाचे. भूप हा संध्याकाळनंतरचा राग, सकाळी कसला गातेस, असे मी चिडवी. "मग भूपाळी सकाळी का म्हणतात?" असे उत्तर येई आणि प्राध्यापक गप्प बसे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली होती. मुलगी अंधारात माझ्या लाकडी गिटारीवर काहीतरी चाचपडत होती, आणि एकाएकी ती चाल आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने ती तीनदा वाजवली. मग म्हणाली, "बाबा, याला वरचा सूर लावा ना."

लावायला गेलो आणि अडलो. भूपात स्वर पाचच : सा, रे, ग, प, ध. रे वर नियमाने म येतो, आणि म तर भूपाला वर्ज्य. म घातला की चाल गोड व्हायची, अगदी सिनेमातल्यासारखी गोड. पण ती हिची राहायची नाही. आम्ही दोघांनी तो एकदा घालून पाहिला आणि दोघांनीही एकदमच हात आवरले. मग भूपाच्याच घरात जोडीदार शोधले : पाच स्वरांतलाच एक सोडून वरचा. सा ला ग, रे ला प, ग ला ध, प ला सां, ध ला रें. पहिली जोडी सोडली तर बाकी सगळ्यांचे अंतर वाढले. आवाज थोडा रिता येतो, लांबून ऐकल्यासारखा. पण त्यात नको असलेले कोणी नाही.

यापुढचा शोध मुलीचा, आणि तो वाचकांपैकी ज्यांच्या घरी गिटार असेल त्यांनी पडताळून पाहावा. तिने मोकळ्या तारा एकेक छेडल्या. गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून लावायच्या त्या ई, ए, डी, जी, बी, ई अशा. यातल्या जी ला सा माना. मग तारा होतात ध, रे, प, सा, ग, ध. बोट न लावता हा भूप! आणि प्रत्येक तार म्हणजे शेजारच्या जाड तारेचा आम्ही शोधलेला जोडीदार : ध ला रे, रे ला प, प ला सा, सा ला ग, ग ला ध. ज्यांनी या वाद्याच्या तारा अशा लावल्या त्यांच्या मनात भूप असण्याचे कारण नाही. तरी आम्ही दोघे त्या अंधारात किती तरी वेळ मोकळ्या ताराच छेडत बसलो होतो.

येत्या वर्षी ती शिकायला परगावी जाईल. तिला काळजी पडली आहे माझी जोडी कोण करणार याची. तिने दुकानात एक पेडल पाहून ठेवले आहे. त्यात आपण एक ओळ वाजवायची, ती पुन्हा पुन्हा वाजत राहते, आणि आपणच तिच्यावर दुसरी ओळ धरायची. एकट्याने जोडी करणे ही जुनी कला आहे असे ती मला पटवते. लेस पॉलने १९४८ मध्येच आपल्याच गिटारीवर आपल्याच गिटारी चढवून ध्वनिमुद्रिका केली होती. क्वीनमधला ब्रायन मेही तसाच, स्वतःच्या सुरांचे थरावर थर रचणारा. आणि त्याची गिटार तर त्याने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून. वडिलांचा हा उल्लेख ती मुद्दाम करते.

पेडलला मी अजून होकार दिलेला नाही. यंत्रातली ओळ श्वास घेत नाही, ही माझी मुख्य तक्रार. शिवाय तिच्या जाण्याला अवकाश आहे, आणि त्या चालीचा उत्तरार्ध बसायचा राहिला आहे. धवरून सां कडे जाताना ही तिथे पुसटसा नी लावी असे माझे म्हणणे. आईने तसला सूर कधीच लावला नाही, असे मुलीचे. भूपात नी नाही हा मुद्दा तिच्या बाजूचा. वीस वर्षे मी तो ऐकला, हा माझ्या बाजूचा. रोज संध्याकाळी त्या जागेपाशी आलो, की आमचा वाद सुरू होतो.