रबराची नळी आणि बाभळीचा कांटा

ज्याचें सारें आयुष्य शब्दरूपें व समास शिकविण्यांत गेलें, अशा निवृत्त मास्तरानें मोटारसायकलच्या ट्यूबांवर लेख लिहावा, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या घरांतील एक कर्ता मुलगा दररोज साठ-सत्तर किलोमीटर पांदणींतून आणि माळांवरून हिंडतो, त्या घरांत चाकांतील हवेचा विषय पंचांगाइतकाच नित्याचा होऊन बसतो. आमच्या एकत्र कुटुंबांत तो तसा झाला आहे. आणि या बाबतींत पुष्कळ घरांचा कारभार नुसत्या ऐकीव गोष्टींवर चालतो असें दिसल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

माझा पुतण्या गुरांचा डॉक्टर. हिंगोलींत राहून नर्सी नामदेव, सेनगांव, औंढा नागनाथ या टापूंतील वाड्यावस्त्यांवर त्यास जावें लागतें. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. तेव्हांपासून डांबरी सडका पुष्कळ वाढल्या, हें खरेंच. पण गाय-म्हैस कांहीं सडकेवर अडत नाहीं. ती शिवारांतल्या गोठ्यांत अडते, आणि सडकेपासून गोठ्यापर्यंतची वाट कशी असते तें जाणाऱ्यासच ठाऊक. म्हणून त्यानें सडक आणि रान दोहोंवर चालणारी गाडी घेतली. हिरो कंपनीनें २०१९ सालीं काढलेली एक्सपल्स ती हीच. दोन्ही हातांनीं सारखेच बाण सोडणाऱ्या अर्जुनावरून मी तिला सव्यसाची म्हणूं लागलों, आणि आतां घरांतलीं मुलेंही तेंच म्हणतात.

या गाडीचें पुढील चाक २१ इंचांचें, मागील १८ इंचांचें, आणि दोन्हींना तारेचे आरे. शहरांतील पुष्कळशा मोटारसायकलींना आजकाल ट्यूबच नसते. मग हिला कां? वहिनींनीं विचारलेला हा प्रश्न रास्त होता. ओतीव चाक अखंड असतें, त्यांतून हवा निसटण्यास वाट नाहीं. तारेच्या चाकांत मात्र प्रत्येक आऱ्याचें टोंक नेमीला पाडलेल्या भोंकांतून आंत आलेलें असतें. उपनिषदांत नाभि आणि अर यांचा दृष्टान्त वारंवार येतो, कारण सर्व अर नाभींत एकवटतात. आमची अडचण दुसऱ्या टोंकाची, म्हणजे नेमीच्या छिद्रांची आहे. त्या छिद्रांतून हवा जाऊं नये म्हणून आंत स्वतंत्र रबरी नळी, आणि आऱ्यांच्या टोंकांवर ती नळी घासूं नये म्हणून मध्यें रबराची पट्टी. एवढी कटकट पत्करावयाची ती यासाठीं कीं, दगडावर आदळल्यास तारेचें चाक लवतें. ओतीव चाक तडकण्याची भीति असते.

दोन वर्षांपूर्वींची आषाढांतली गोष्ट. पहांटे तीनच्या सुमारास सेनगांवकडील एका वस्तीवरून म्हैस अडल्याचा फोन आला. पुतण्या तत्काळ निघाला. पांदणींत कुणाच्या तरी कुंपणाची बाभळीची फांदी वाऱ्यानें येऊन पडली होती. ती अंधारांत दिसली नाहीं, आणि मागचें चाक बसलें. जवळ दुसरी ट्यूब नव्हती. गाडी तेथेंच टाकून, औषधांची पिशवी खांद्यावर घेऊन तो चिखलांतून चालत गेला, पण पोहोंचण्यास तासभर उशीर झाला. म्हैस वांचली, पारडूं गेलें. त्या घरीं दुभतें जनावर तेवढें एकच. घरधन्यानें शब्दानें दोष दिला नाहीं, उलट चुलीवर चहा ठेवला. पुतण्या घरीं येऊन दिवसभर कोणाशीं बोलला नाहीं.

संध्याकाळीं मीं त्याला एक गोष्ट सांगितली. हवेच्या टायरचें पेटंट लंडनमध्यें प्रथम १८४५ सालीं टॉमसन नांवाच्या गृहस्थानें घेतलें होतें, पण तें लोक विसरून गेले. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉपनें तीच कल्पना पुन्हां शोधून काढली, ती आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठीं. आणि हा डनलॉप धंद्यानें गुरांचा डॉक्टर होता. “म्हणजे काका, ही पीडा आमच्याच जातभाईनें लावून दिली म्हणायची!” असें म्हणून तो त्या दिवशीं पहिल्यांदा हंसला. त्याच रात्रीं ओसरीवर ट्यूबेचा विचार सुरू झाला.

त्याचें म्हणणें, पुण्याहून चार मिलिमीटर जाडीची ट्यूब मागवावी म्हणजे कांट्याची भीति गेली. मीं जुनी फाटकी ट्यूब कात्रीनें कापून पट्टीवर धरली. ती दोन मिलिमीटरही भरली नाहीं. मग अंगणांतल्या कुंपणाचा एक वाळलेला कांटा मोजला, तो जवळजवळ दोन इंच. जो कांटा टायरचें जाड रबर भेदून आंत येतो, तो आणखी दोन मिलिमीटर रबरापुढें हात टेकील असें मानण्यास आधार काय? जाड ट्यूबेचा खरा उपयोग निराळाच आहे. चाक धारदार दगडावर आदळलें कीं टायर दबून ट्यूब दगड आणि नेमी यांच्यामध्यें चिरडली जाते, आणि तिला शेजारीं शेजारीं दोन भोंकें पडतात, जणूं सापाचे दोन दांत. या डंखापासून जाड रबर पुष्कळ राखतें. पण तें वजनांत भारी, चढविण्यास अवघड, आणि मे महिन्यांत नांदेडच्या सडकेवर लांब पल्ला मारतांना लवकर तापणारें.

तेव्हां निवाडा असा झाला कीं, पुढच्या चाकास जाड ट्यूब, कारण दगड प्रथम त्याच्याच वांट्यास येतो. मागच्यास चांगल्या प्रतीची साधी. पुढचें चाक आडवा पडलेला कांटा उभा करतें आणि मागचें तो पोटांत घेतें, हा आमच्याकडील सर्व सायकलवाल्यांचा अनुभव आहे. जें चाक वारंवार उघडावें लागणार, त्यांतली ट्यूब रस्त्यांत एकट्यानें काढतां-घालतां आली पाहिजे.

साधी म्हटली तरी तिच्यांतही जाति आहेत. नैसर्गिक रबराची ट्यूब फार ताणते, सहसा फाटत नाहीं, पण तिच्यांतून हवा झिरपत राहते. ब्यूटिल नांवाचें कृत्रिम रबर १९३७ सालीं अमेरिकेंत निघालें. तें हवा फार चांगली धरून ठेवतें. ज्याला रोज सकाळीं पंप मारण्यास सवड नाहीं त्यानें ब्यूटिलच घ्यावी. मापाच्या बाबतींत मात्र “चालतें हो” म्हणणाऱ्या दुकानदाराचें ऐकूं नये. ट्यूब मोठी असली तर आंत तिला घडी पडते व घडीवर ती झिजते. लहान असली तर ताणून पातळ होते आणि भोंक पडतांच फुग्यासारखी एकदम जाते. ट्यूबेंत ओतण्याचा जो चिकट द्रव मिळतो, तो लहान भोंकें बुजवितो खरा, पण पुढें ठिगळ लावण्याच्या वेळीं सारी जागा बरबटलेली असते. आम्हीं तो एकदां वापरून सोडून दिला.

आतां दाब. तो दर चौरस इंचास पौंडांत मोजतात. मागील चाकावर गाडी, स्वार व औषधांची पेटी मिळून सुमारें १३० किलो, म्हणजे २८६ पौंड, भार पडतो असें धरूं. दाब ३० असेल तर २८६ भागिले ३०, म्हणजे सुमारें साडेनऊ चौरस इंच रबर जमिनीस टेकतें. दाब २० वर आणला तर चौदा चौरस इंचांहून जास्त. टायरची स्वतःची ताठरता थोडा भार उचलते, म्हणून हा हिशेब अगदीं तंतोतंत नव्हे. पण हवा कमी केली म्हणजे रेतींत आणि मुरुमांत पकड कां वाढते, हें त्यावरून सातवींतल्या मुलासही कळेल. त्याच हिशेबानें दगडाचा डंख कां वाढतो तेंही कळेल. शिवाय दाब फार उतरला तर ब्रेक लावतांना टायर नेमीवर सरकतो, ट्यूबेला बरोबर ओढतो, आणि वॉल्व्ह मुळापासून तुटतो. म्हणून वॉल्व्हची चकती नेमीवर घट्ट आवळूं नये, ती वरच्या टोपणाकडे सरकवून ठेवावी. वॉल्व्ह तिरपा दिसूं लागला कीं टायर सरकतो आहे असें समजावें. शर्यतीच्या गाड्यांत टायर जखडून ठेवणारी कळ बसवितात. ती ज्याच्या चाकांत नाहीं त्यानें १८ च्या खालीं जाण्याचें धाडस करूं नये.

सडकेवर एकटा असतांना पुतण्या पुढें २५ व मागें ३० ठेवीत असे. रानांत उतरतांना पुढें २० आणि मागें २२ करावे, परततांना पुन्हां भरावे, असें जाणकार सांगतात, आणि हौशी प्रवाशांस तें ठीक आहे. पण गोठ्यांत जनावर तळमळत असतांना दोन किलोमीटरांसाठीं हवा सोडण्याचा आणि भरण्याचा खेळ कोण करणार? म्हणून आम्हीं पुढें २३ व मागें २७ हा मधला दाब कायम केला. मागें माणूस बसविल्यास तीन-चार पौंड वाढवावयाचे. हे आंकडे आमच्या गाडीचे व आमच्या ओझ्याचे आहेत. इतरांनीं आपापल्या गाडीच्या पुस्तिकेंतला आंकडा मूळ धरून त्याच्या आसपासच राहावें.

दाब पाहावयाचा तो सकाळीं, गाडी हलण्यापूर्वीं. दहा अंश उष्णता वाढली तर या दाबांत सुमारें दीड पौंडाची भर पडते, आणि चालून तापलेल्या चाकांत त्याहून जास्त. वैशाखांतल्या दुपारीं कांटा ३१ दाखवितो म्हणून हवा सोडणारा मनुष्य पहांटे अर्धपोटी चाकानें निघतो. पंपावरचीं यंत्रें एकमेकांशीं क्वचितच जुळतात, यास्तव मापण्याचें छोटें यंत्र घरचें असावें. आमच्या औंढ्याजवळ लायगो वेधशाळा होणार आहे; केंद्र सरकारनें तिला एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. तेथील चार-चार किलोमीटरांच्या दोन नळ्यांत हवा जवळजवळ नसावी, अशी शास्त्रज्ञांची खटपट. आमच्या तीन हात नळींत ती मापानें असावी, एवढीच आमची!

चिखलाचें काय, असें कोणी विचारील. आमची काळी माती पावसांत भिजली म्हणजे चाकास लोण्यासारखी लागत नाहीं, लुकणासारखी लागते. शंभर पावलांत चाक जात्याच्या तळीएवढें जड होतें. थोड्या कमी दाबानें टायर लवतो व कांहीं चिखल झटकतो, पण खरें सांगावयाचें तर भर श्रावणांत नांगरटीच्या कांठच्या पांदणीस दाबाचा कोणताच आंकडा पुरत नाहीं. तेथें गाडी सडकेला ठेवून पायीं जाणें हेंच शास्त्र.

ट्यूब बसवितांना बिघडते तितकी रस्त्यावर बिघडत नाहीं, असें माझें मत झालें आहे. एका गांवीं एका कारागिरानें नवी कोरी ट्यूब बसवितांना लोखंडी पट्टीनेंच चिमटली, आणि दोन फर्लांगांवर चाक पुन्हां बसलें. आधीं ट्यूबेंत थोडी हवा भरून तिला आकार द्यावा, शंखजिऱ्याची पूड लावावी, मग ती आंत सारावी. त्याहून महत्त्वाचें हें कीं, कांट्याचें मोडलेलें टोंक पुष्कळदां टायरमध्येंच राहतें. बोटानें शोधूं गेल्यास बोटांत घुसतें, न शोधल्यास नव्या ट्यूबेंत. यावर तोड काढली ती वहिनींनीं: वातींच्या कापसाचा बोळा टायरच्या आंतून सर्व बाजूंनीं फिरवावयाचा, जेथें तंतु अडकतो तेथें टोंक. तेव्हांपासून सव्यसाचीच्या पिशवींत कापसाची पुडी असतेच.

त्याच पिशवींत एक ट्यूब असते, ती २१ इंचांची. ती पुढच्या चाकाची आहे, पण अडचणीच्या वेळीं १८ इंचांच्या मागच्या चाकांतही घडी सांभाळून बसवितां येते व घरापर्यंत आणते. उलट १८ ची पुढें घालणें धोक्याचें. पिशवींत घासून ती वाटेंतच भोंकाळूं नये म्हणून धोतराच्या जुन्या फडक्यांत गुंडाळलेली असते.

आतां अशीं तारेचीं चाकें निघालीं आहेत कीं ज्यांत आरे नेमीच्या कडेस बसवितात, मध्यें छिद्र नाहीं, म्हणून ट्यूबही नको. पुतण्याचा डोळा त्यांच्यावर आहे, आणि धाकटे बंधु दिवाळीपर्यंत थांब म्हणतात. माझें मत विचारलें तेव्हां मीं एवढेंच म्हटलें कीं, सेनगांव ते औंढा या वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गांवीं ट्यूबेला ठिगळ लावणारा एखादा पोरगा बसलेला सांपडतो, पण त्या नव्या चाकाची कड वांकली तर ती सरळ करणारा मला अजून कोठें दिसलेला नाहीं.