बर्फाचे खडे

हैदराबादेत कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर नांदेडचे एक काका राहायचे. त्यांच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते बर्फ पोचवायला. एप्रिलची दुपार. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटके देत होतं आणि काकांना फिल्म धुवायचा डेव्हलपर हवा होता वीस अंशांवर. फ्रीज आमच्याकडे होता. ऋणानुबंध जुळला तो असा.

काका बालानगरच्या औषध कारखान्यात होते. न्हाणीघर हीच त्यांची डार्करूम. लग्नामुंजीला रंगीत ठीक, म्हणायचे, पण दगड बघायचा तर ब्लॅक अँड व्हाइटमध्येच. तेव्हा आमच्या आसपास एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे होते, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे. रविवारी उजाडायच्या आत आम्ही तिथे असायचो. परवडावं म्हणून काका शंभर फुटी फिल्मचा डबा आणत आणि मिट्ट अंधारात कापून रिकाम्या कॅसेटमध्ये भरत. एका डब्यात छत्तीस फोटोंचे अठरा रोल. ‘‘सावली सांभाळ रे, उजेडाचं डेव्हलप करताना बघू,’’ हे त्यांचं पालुपद.

बारावीला मी नापास झालो. घरात कुणी माझ्याशी बोलेना. काकांनी वर बोलावलं, लाल दिवा लावला आणि चिमटा माझ्या हातात दिला. कागदाच्या पट्टीवर पाच-पाच सेकंदांचे टप्पे पाडायचे होते. माझी पट्टी काळीठिक्कर पडली. मी ती चुरगाळणार, तोच त्यांनी हात धरला. ‘‘टाकायची नाही. मागे सेकंद लिही.’’ निकालाबद्दल त्यांनी ना तेव्हा विचारलं, ना नंतर.

छायाचित्रकार राजा दीनदयाळांनी याच हैदराबादेत निजामाचा दरबार टिपला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपल्या आहेत. काकांचे धोंडे कोण जपणार? सुरुंग लावून ते फोडले, तिथे इमारती उठल्या, 2017पासून मेट्रोही धावते. आम्ही बसायचो तो धोंडा आता फक्त निगेटिव्हमध्ये आहे. जाताना काकांनी सगळ्या निगेटिव्ह माझ्या हवाली केल्या. प्रत्येक पाकिटावर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख, अ‍ॅपर्चर, शटर. ती काळी पट्टीही त्यांतच निघाली; मागे माझ्या अक्षरात सेकंद.

परवा एक रोल धुतला. नळाचं पाणी चौतीस अंशांवर होतं. बर्फाचे खडे टाकले आणि पारा विसावर उतरेपर्यंत थांबलो.