चढणीची वाट

मिरग लागला की कुडाळकडची माणसं आभाळाइतकीच व्हाळाकडेही बघतात. पहिल्या मोठ्या पावसाने व्हाळ गढूळ होऊन फुगला, की कर्ली नदीच्या डोहांत उन्हाळा काढलेले मासे पाण्याच्या उलट निघतात. मळये, खवळे, शेंगटी, डाकू, वाम. नदीतून व्हाळात, व्हाळातून पाटात आणि बांधावरून पडणाऱ्या पाण्यावर उड्या मारत थेट भाताच्या कुणग्यात. हे आमचे चढणीचे मासे.

रात्री चुडी पेटवून पुरुष कोयते घेऊन निघत. मला सकाळ प्यारी होती. घरामागच्या कुणग्यात चिखलात उभं राहिलं की पोटऱ्यांना मासे धडकत, हातानेही सापडत. आजी बांधावरून माझ्या हातातली मासळी निरखायची आणि म्हणायची, "ती पोटुशी आसा, सोड गे तिका." सगळ्याच सुटत नसत. गाबोळी घातलेलं तिखलं आम्ही आवडीनं खाल्लं आहे. तरीही श्रावणात कुणग्याच्या पाण्यात डोळे तेवढे दिसणारी पिल्लं असायचीच, आणि पावसाळा ओसरताना ती पाटाने खाली नदीला जायची.

पुढे डोंबिवलीत संसार केला. तिथल्या बाजारात रोहू मिळे, चिलापी मिळे. ही चिलापी 1952 साली भारतात आणली गेली आणि आज ती कितीतरी धरणांत, तळ्यांत ठाण मांडून आहे. त्या माशांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी पुष्कळांची पोटं भरली. पण जूनमध्ये गावाहून फोन आला की माझा पहिला प्रश्न असे, "मासे चढले?" उत्तर वर्षागणिक आखूड होत गेलं.

मासे कमी झाल्याचा गावात दोष दिला जातो तो जिलेटिनला आणि ब्लीचिंग पावडरीला. तो खराच आहे. डबाभर विषाने डोहातलं पिल्लूसुद्धा उरत नाही, आणि पाण्यात स्फोट करायला, विष घालायला 1897 च्या मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. पण मला वाटतं, मोठा घाव वाटेवर पडला. मासा चढतो तो अंडी घालायला. शेतातलं उथळ, कोमट, शेणखताने जिवंत झालेलं पाणी पिल्लांना हवं असतं. तिथे खाणं भरपूर आणि मोठे शिकारी मासे कमी. म्हणजे भात आणि मासे ही एकाच पाण्यावरची दोन पिकं होती. माणसं मुंबईला गेली, कुणगे पड राहिले, बांध फुटले, कुठे भर घालून काजू लावला. जिथे भात उरला तिथे तणनाशक आलं. नदीतले मासे कुणी मारले नसते, तरी त्यांनी जायचं कुठे?

आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या एका इवल्या माशाची 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. ऐकून मला फार आनंद झाला. पण आमच्या मळयाला ना देऊळ, ना दुर्मिळपणाचा मान. तो साधा, रोजचा, जेवणातला. असा मासा कमी झाला तर त्याची दखल घ्यायची रीतच नाही.

यंदा मी व्हाळाच्या कडेने नदीपर्यंत चालत गेले. वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मोरीखाली सिमेंटचा पाइप बसवला आहे. पाण्याने खालची माती नेली आणि पाइपाचं तोंड व्हाळाच्या तळापासून कमरेइतकं वर राहिलं. खाली काही मळये उड्या मारत होते. एकही पोचत नव्हता. वरच्या अंगाला माझ्या चुलतभावाने दोन कुणगे पुन्हा लावले आहेत, पाणी भरलेलं आहे, तणनाशक नाही.

ग्रामसभेत मी उठून सांगितलं की हा पाइप काढून तळाशी रुंद मोरी घाला, नाहीतर निदान खाली दगडांच्या पायऱ्या रचा. मागून एक म्हातारे म्हणाले, "बाय बोलता ता खरा आसा." दगड आमच्याच पडक्या गडग्याचे द्यायचं ठरलं आहे, आणि पुढच्या मिरगाआधी ते रचायला चुलतभावाबरोबर वाडीतली चार मुलंही तयार आहेत.