काट्याचे निमित्त

विरारच्या आमच्या घरात पावसाळ्यात ओल न धरणारी एकच भिंत आहे. तिच्यावर राजा रविवर्म्याच्या शकुंतलेची छापील प्रत लावली आहे. पायातला काटा काढण्याच्या मिषाने ती मागे वळून पाहते. सोबत सख्या आहेत, दुष्यंत चौकटीबाहेर. कालिदासाकडे हा काटा म्हणजे दर्भाचा अंकुर, आणि तो रुतल्याचे केवळ निमित्त. चित्रकाराने टिपला आहे तो अभिनयच.

किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यांतली चित्रे सामान्यांच्या भिंतींवर पोचली. वर्गात हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. ते निमित्त उमगले मात्र घरात.

आई अंथरुणाला खिळली होती. पहाटेची लोकल गाठायला निघालेला मी दारातून एकदा तरी परत येई. कधी छत्री विसरली म्हणून, कधी चष्मा. एकदा भिंतीकडे बोट दाखवत ती म्हणाली, “आज कुठला काटा रे?”

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. शकुंतला तशीच मागे वळून पाहते आहे. मी मात्र निघताना हल्ली काहीच विसरत नाही.