दोघं, एक दिवस आणि पुणे

जबलपुरात आम्हाला मराठी सिनेमा भेटतो तो मोबाइलवरच. परवा आईबरोबर ‘मुंबई-पुणे-मुंबई’ पाहिला. सतीश राजवाडेंचा, २०१० चा. स्थळाला नकार द्यायला मुंबईहून आलेली मुक्ता बर्वे, पुणेकर स्वप्नील जोशी, पुण्याचे रस्ते आणि दिवसभर वाद: मुंबई भारी की पुणे? खलनायक नाही, मारामारी नाही. दोघांची नावंसुद्धा कळत नाहीत!

मला आवडलं ते हे, की ती त्याच्याशी मनमोकळं भांडते. पसंत पडायची काळजीच नाही. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात पोहे संपायच्या आत होकार विचारला होता.

सिनेमा संपल्यावर आई जरा गप्प होती. मग म्हणाली, “त्या पुण्याच्या मुलाला इकडे बोलाव. भेडाघाटला जाऊन या. दोघंच.”