दोन बोटी आणि एक कळ

बॅटमॅनचे नाव ऐकताच हा मुलांचा खेळ म्हणून जे नाक मुरडतात, त्यांनी ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'द डार्क नाइट' (२००८) या चित्रपटातील बोटींचा प्रसंग अवश्य पाहावा. नियम आणि सभ्यता हा माणसाचा मुखवटा असून संकट येताच तो गळून पडतो, असे जोकर या खलपुरुषाचे तत्त्वज्ञान. (हीथ लेजर यांना या भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळाले, ते उगाच नव्हे.) ते सिद्ध करण्यासाठी तो दोन बोटींत स्फोटके ठेवतो. एकीत नागरिक, दुसरीत कैदी; आणि एकीच्या स्फोटाची कळ दुसरीवर. मध्यरात्रीपर्यंत कोणीच कळ दाबली नाही, तर दोन्ही उडणार.

नागरिक रीतसर मतदान घेतात. कळ दाबावी म्हणून ३९६ मते, विरोधात १४०. म्हणजे नियमानेच हत्येला संमती दिली! तरीही हात धजत नाही. पलीकडे एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून कळ मागून घेतो आणि खिडकीबाहेर भिरकावून देतो. संत पौलांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील, हृदयावर कोरलेल्या नियमशास्त्राची आम्हांस येथे आठवण झाली. आदिपापाने माणूस जखमी झाला, निकामी नव्हे, ही ख्रिस्तसभेची शिकवण जोकरच्या गावीही नाही.

आम्हांस खटकते ते पुढचे. हार्वी डेंट या सरकारी वकिलाने सूडापायी केलेले खून बॅटमॅन आपल्या माथी घेतो, का तर लोकांची आशा टिकावी. त्याग मोठा खरा. परंतु जे लोक मृत्यूच्या छायेत कसोटीस उतरले, त्यांना सत्य पेलणार नाही हे कोणी ठरवले?