मुंबई ते जिद्दा : साडेतीन हजार किलोमीटर

अब्बांचे वडील बोटीने हजला गेले होते. मुंबईच्या बंदरातून जिद्दा गाठायला तेव्हा आठवड्याहून अधिक दिवस लागत. हजयात्रेची ती बोटसेवा १९९५ नंतर बंद झाली. गेल्या जानेवारीत आम्ही अब्बा-अम्मींना घेऊन उमराहला निघालो, तेव्हा तिकिटावर प्रवास होता साडेपाच तासांचा.

मुंबई ते जिद्दा सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमान जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जाते. परतताना, विशेषतः हिवाळ्यात, तोच वारा पाठीशी येतो आणि अर्धा-पाऊण तास वाचतो. पण चिपळूणहून निघालेल्या माणसाने एवढाच हिशेब करू नये. मुंबईपर्यंत गाडीचे सात तास, विमानतळावर चार तास आधी हजेरी, जिद्द्यात पासपोर्टची रांग, मग मक्केपर्यंत आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटर. घरापासून हरमपर्यंत आम्हाला जवळजवळ वीस तास लागले.

खरी धांदल मुंबईतच उडाली. अब्बांचा एहराम मोठ्या बॅगेत राहिला होता आणि बॅग वजनकाट्यावर चढली होती! जिद्द्याला उतरून बांधू म्हणावे, तर मीकात त्याआधीच मागे पडते. विमान मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटर कापते. मीकात आली म्हणेपर्यंत गेलीही. लोकांसमोर बॅग उघडून एहराम काढला. अब्बांनी तिथेच गुसलखान्यात वजू करून तो बांधला. गुस्ल घरीच उरकून घेतला होता, हे नशीब. (अम्मी म्हणाल्या, बायकांचे बरे असते, नेहमीच्याच कपड्यांत नीयत करायची.)

साडेतीनला विमान उडाले. असर जागेवर बसूनच अदा केली. घड्याळात साडेसहा वाजले. मुंबईत मग्रिबची अजान होऊन गेली असणार, पण आमच्या खिडकीत लख्ख ऊन! विमान सूर्याच्या मागे धावत होते. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशावर, जिद्दा ३९ वर. अंशाला चार मिनिटे धरली तर सव्वादोन तासांचा फरक, घड्याळाच्या नियमाने अडीच. मग्रिबची वेळ मुंबईच्या घड्याळावर नव्हे, खिडकीबाहेरच्या सूर्यावर ठरवायची. रमजानात प्रवास करणाऱ्यांनी इफ्तारसाठीही हे ध्यानात ठेवावे.

ओमान मागे पडले, खाली वाळवंट तांबडे होत गेले. मुंबईच्या साडेआठच्या सुमारास मीकात जवळ आल्याची घोषणा झाली, आणि तेव्हाच सूर्य टेकला. अब्बा-अम्मींनी नीयत केली. मागच्या रांगांतून तलबिया सुरू झाला, आमचाही आवाज त्यात मिसळला. अब्बांचा मात्र फुटेना. ओठ तेवढे हलत होते.

उतरलो तेव्हा तिथे साडेसहा वाजले होते. सगळ्यांनी घड्याळे मागे घेतली, अब्बांनी नाही. नातवंडे झोपायच्या आत फोन करायचा होता.